झाकणाखालचा आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, देवळात डोळे मिटून उभा असतानाही नाही — तिथं मी पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण रविवार जवळ आलाय.

आधी घरातली माझी ओळख सांगतो. आमच्या सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की माणूस आधी नळ कधी येणार ते विचारतो. अशा गावातून समुद्रावर गेलेला आमच्या घराण्यातला मी एकटाच. नौदलात होतो, युद्धनौकेवर. हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढं तोफा आल्या असतील, तर त्या खाली ठेवा — मी आचारी होतो. माझ्या हातून जे काही धारातीर्थी पडले ते कांदे आणि बटाटे. तरी लग्नाकार्यात पंगत उठली की कुणीतरी म्हणायचंच, "काका, आगीची गोष्ट सांगा की." आणि मी सांगायचो.

गोष्ट अशी. जहाजाच्या पोटातल्या स्वयंपाकघरात कढईतल्या तेलानं पेट घेतला. मी शिडीनं वर आलो. माझा जोडीदार बसवराज, अक्कलकोटकडचा, शिधा ठेवायच्या खोलीत अडकलेला. मी परत खाली उतरलो, त्याला खांद्यावर घेतलं, वर आणलं. एवढं बोलून मी पाणी प्यायचो. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. वीस-पंचवीस वर्षांत मी या गोष्टीला इतकी फोडणी दिलीय, की कधीकधी मलाच खरी वाटायची.

खरी वाटायची? नाही. हेही खोटंच लिहिलं बघा.

मनू, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, ही गोष्ट ऐकतच वाढली. आता पुण्यात कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. तिनं आजच्या काळातल्या युद्धनौकांचा खेळ रचायला घेतला. हट्ट एकच, खरं वाटलं पाहिजे. ती सांगायची, हल्लीच्या समुद्री लढाईत शत्रू दिसतच नाही, पडद्यावर नुसता ठिपका, आणि तासन्‌तास वाट बघणं. तिचे साहेब म्हणाले, एवढी वाट कोण बघेल, स्फोट वाढव. ती म्हणाली, स्फोट बाहेरून कशाला, आतून दाखवू. क्षेपणास्त्र लागल्यावर जहाजाच्या पोटातल्या माणसाचं काय होतं, ते. आणि पोटातला माणूस तर तिच्या घरातच होता.

दर रविवारी दुपारी तिचा फोन. शिडी किती उभी असते? दोन माणसं शेजारून जाऊ शकतात का? धूर आधी डोळ्यांत जातो की घशात? मी सगळं खरंखरं सांगितलं. कदाचित म्हणूनच उरलेलं खोटं पचलं.

मग एका रविवारी तिनं विचारलं, "काका, खाली माणसं असताना शिडीच्या तोंडावरचं झाकण बंद केलं, तर त्यांनी ठोकलेलं वर ऐकू येतं का?"

खेळात तशी जागा आहे. आग पसरतेय, लोखंडी झाकण कधी लावायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. उशीर केला तर जहाज जातं, घाई केली तर खालची माणसं. मनूनं आतून ठोकल्याचा आवाज तयार करून घातला होता. पण तो ऐकला की खेळणारे झाकण लावेनातच, लावलं तरी पुन्हा उघडत, आणि जहाज बुडे. तिच्या ऑफिसातले निम्मे म्हणत आवाज ठेवा, निम्मे म्हणत काढा. "आमची भांडणं चाललीत," ती म्हणाली, "तुम्ही सांगाल ते."

मी जेवत होतो. हातातला घास ताटात ठेवला.

"न्हाय येत," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडी आजोळची सांगोल्याची बोली येते. "जाड लोखंड असतंय गं. कायसुदिक ऐकू येत न्हाय."

तिनं आवाज काढून टाकला. आता झाकण लागलं की एकदम शांत होतं. ती शांतता किती खरी आहे, असं लोक लिहितात म्हणे. मनू मला ते वाचून दाखवते.

त्याच फोनवर तिनं बसवराजचा नंबर मागितला. त्याच्याशीही बोलायचं होतं तिला. मी म्हणालो, "अगं, तो गेला."

दोन शब्दांत माणूस मारला मी. जिवंत, धडधाकट माणूस. नौदल सोडून तो कुर्डुवाडीला रेल्वेत लागला. पुण्याला जाताना कुर्डुवाडी आली की मी वरच्या बर्थवर चढून भिंतीकडं तोंड करतो. गुडघे दुखत असतानाही चढतो. एकदाच उशीर झाला — तो फलाटावर चहा पीत होता, कप दोन्ही तळव्यांत धरून, कारण त्याची बोटं नीट मिटत नाहीत. तेव्हापासून मी एसटीनं जातो.

खेळ आला. मनूनं लॅपटॉपवर घालून दिला. पहिल्याच पडद्यावर अक्षरं — बसवराज यांच्या स्मृतीस. मी लॅपटॉप बायकोकडं सरकवला. आमच्या सौ. मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन ऐटीत खेळायला बसल्या. आग लागली. खाली चार माणसं होती. बायकोनं झाकण लावलं. शांत.

"लावलं की," ती म्हणाली. "आता पुढं काय?"

"ती चौघं?" मी विचारलं.

"कोण चौघं?" ती पडद्याकडंच बघत म्हणाली. "ओरडली असती तर मी थांबले असते."

मी उठून बाहेर गेलो.

आणि परवा मनूचा फोन — "काका, बसवराज कुर्डुवाडीला होते ना? तुम्हीच एकदा बोलून गेला होता. मी पत्ता काढलाय. रविवारी सोलापूरला येते, आपण दोघं जाऊ. पहिल्या पडद्याची फ्रेम केलीय, त्यांच्या घरच्यांना देऊ." फ्रेम. हार घालायलाही जागा ठेवली असेल. आणि दार कोण उघडेल? तोच उघडेल.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. पण मला भीती कशाची आहे? खोटं उघडं पडण्याची? तेवढंच असतं तर मी हसून निभावलं असतं, मला ते जमतं.

सांगतो. फार वेळ गोल फिरलो.

तेल पेटलं तेव्हा मी वर पळालो आणि झाकण आपटलं. बसवराज खाली आहे, हे मला माहीत होतं. कड्या लावायला हात चालेनात, म्हणून मी त्या झाकणावर उभा राहिलो. कड्या न लावलेलं झाकण खालूनही उचलता येतं. माझं वजन तेव्हाही आचाऱ्याचंच होतं. आग वर येईल, एवढंच डोक्यात होतं. पाण्याच्या नळ्या घेऊन माणसं धावत आली तेव्हा मी झाकणावरून बाजूला झालो, त्यांच्याबरोबर झाकण उचललं आणि सगळ्यांच्या आधी हात आत घातला. धुरात त्यांना दिसलं ते एवढंच. तिथूनच माझी गोष्ट सुरू झाली.

जहाजावरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा बसवराजनं सांगितलं, झाकण अडकलं होतं. दवाखान्यात मला म्हणाला, "लई धूर हुता रे. तुला तरी काय दिसणार." पट्ट्या बांधलेले हात चादरीवर ठेवून म्हणाला. मी वर उभा होतो हे त्याला माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही.

रविवारी कुर्डुवाडीला निघण्याआधी मी मनूला हे सगळं सांगेन. ती काय बोलेल, की बोलणारच नाही, ठाऊक नाही. पण मी तिला ओळखतो. कधीतरी ती त्या आवाजाबद्दल विचारेल.

येतो. कानांना नाही, तळपायांना येतो. तीन ठोके, मग थांबून पुन्हा तीन. शेवटी शेवटी दोनच.