रस्ता होईस्तोवर

सबंध नोकरी मी बसस्थानकाच्या खिडकीत बसून लोकांना सांगितलं, की कोणती गाडी कुठं लागणार. त्यामुळं मला वाटायचं, आपल्याला कुणी चकवू शकत न्हाई. मंग रिटायर झालो, तालुक्याच्या गावाबाहेर प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि ती सगळी घमेंड उतरली.

प्लॉट घेतला तेव्हा तिथं कपाशीचं रान होतं. प्लॉटिंगवाल्यानं त्यात फक्कीच्या रेघा मारल्या होत्या, बस. त्याच्या नकाशात मात्र काय नव्हतं? नऊ मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी नाली, विजेचे खांब आणि मधोमध हिरव्या रंगानं भरलेली मोकळी जागा. घराची परवानगी काढताना मी नगरपंचायतीत विकास शुल्क भरलं. पावती लॅमिनेट करून घेतली. माझ्या मते रस्त्याचं तिकीट मी काढलं होतं, फक्त गाडी लागायची बाकी होती.

घर झालं आणि लगोलग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरनं बजावलं, घसरून पडल्या तर परत टेबलावर घ्यावं लागेल. इकडं कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत नुसता काळा चिखल. त्यात धडधाकट माणसाची चप्पल अडकून बसती. म्हणून दवाखान्यातून मी तिला थेट वाटूरला, तिच्या भावाकडं नेऊन सोडलं.

"रस्ता झाला की न्यायला येतो," मी म्हणालो.

"आठ-पंधरा दिवसांत होईल ना?"

"बिलकुल." मोठा शहाणाच मी.

नगरपंचायतीतल्या इंजिनीअर मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी शांतपणे समजावलं. "काका, रस्ते अन् नाल्या ज्यानं प्लॉट पाडले त्यानं करायच्या. मंग ते सगळं आमच्या ताब्यात द्यायचं, त्याला हस्तांतरण म्हणतात. तोवर आम्हाला तिथं रुपया खर्च करता येत न्हाई."

"अन् मी भरलं ते शुल्क?"

"ते अख्ख्या गावाच्या मोठ्या कामांसाठी. पाण्याची टाकी, मोठे रस्ते."

मला पटलं. तिथून प्लॉटिंगवाल्याकडं गेल्तो. तो म्हणाला, "शुल्क घेतलं कुणी? नगरपंचायतीनं. मंग रस्ता करायचा कुणी?" मला तेही बराबर वाटलं. हीच तर पंचाईत होती. ज्याच्यासमोर बसावं त्याचं पटायचं, अन् बाहेर पायरीवर चप्पल घालेस्तोवर डोकं पार भंजाळून जायचं.

शेवटी आम्ही शेजारी मिळून नगरसेवकाकडं गेलो. तो हसला. "त्या दोघांच्या नादी कशाला लागून राह्यले? मी वरून निधी आणतो. पण चार घरांसाठी कोण देणार? तिथं काहीतरी सार्वजनिक दाखवा. मंदिर बांधा. देवाच्या रस्त्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई."

हे मात्र सगळ्यांनाच एका झटक्यात पटलं. आमच्याकडं रीतच आहे, आधी देव बसवायचा, मंग त्याच्या नावानं हापसा, खांब, काय पाहिजे ते मागायचं. नकाशातल्या त्या हिरव्या मोकळ्या जागेत ओटा बांधला, वर पत्रे टाकले, मारुतीची मूर्ती आणली. पहिली वीट मीच ठेवली, तीही मोठ्या हौसेनं. वाटूरला फोन लावला. "आता झालंच समज."

"आधी मला न्या की," ती म्हणाली. "मी दाराबाहेर पाऊल टाकणार न्हाई. इथं वहिनी सगळं करती, पण मला मेलीला तिला पाणी मागायची पण लाज वाटती."

"अगं, हस्तांतरण तर होऊ दे."

"ते झालं की काय होतं?"

काहीतरी बोलून फोन ठेवला.

आमच्या अर्जांना कंटाळून प्लॉटिंगवाला एकदाचा रस्त्याचा खर्च नगरपंचायतीत भरून ताबा द्यायला तयार झाला. मॅडम टेप घेऊन मोजायला आल्या. रस्त्याची जागा मोजली, अन् पत्र्यांपाशी येऊन थांबल्या.

"ही मोकळी जागा आम्हाला रिकामी मिळाली पाहिजे. त्याशिवाय ताबा घेता येत न्हाई. हे कुणी बांधलं?"

"आम्हीच," मी म्हणालो.

"कशासाठी?"

"रस्त्यासाठी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् टेप गुंडाळला. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

प्राणप्रतिष्ठा अजून व्हायची होती, मूर्ती हलवता येत होती, म्हणून निभावलं. मारुती माझ्या अंगणाच्या कोपऱ्यात आणायचा ठरला. सकाळी चार शेजाऱ्यांनी मूर्ती बाजेवर ठेवली अन् बाज खांद्यावर घेतली. पोटरीएवढ्या चिखलातून एकेक पाऊल टाकत, बाज कलू न देता, त्यांनी देव माझ्या दारात आणला. मी फुशारकीनं बायकोला व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवत होतो.

"चौघांनी उचलला का?" तिनं विचारलं.

"हो. जरासुद्धा धक्का न्हाई लागला."

"अहो, मंग मला न्यायला चौघं भेटत नव्हते का?"

आधी मला तिचा रागच आला. इथं मी चकरा मारून मरतोय, अन् हिचं काय चाललंय. मंग कळेना की राग कुणाचा करायचा. चारही शेजारी समोरच उभे होते, बादलीत पाय धूत. रोज मला रामराम करणारी माणसं. यांना विचारावं हे एवढ्या दिवसांत एकदाही माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा कोपऱ्यापर्यंत आणली. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. तिला बसवून त्याच चौघांनी उचललं.

"काकू, तुम्ही मारुतीपेक्षा हलक्या," एक जण म्हणाला. ती पदर तोंडाला लावून हसली. मी वॉकर घेऊन मागून चाललो होतो.

"रस्त्याचं काय झालं मंग?" तिनं मान वळवून विचारलं.

"फाईल जालन्याला गेली म्हणतात. पुढचं मला काही कळत न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

दारात तिला उतरवलं. मला वाटलं, आधी देवाला हात जोडील. तिनं वॉकर घेतला, सरळ सैपाकघरात गेली, माठातून तांब्या भरून घेतला अन् तिथंच उभ्यानं घटाघटा पाणी पिली.