माझ्या पोरीलाही तीन रविवार

रेव्हरंड अनंत भिंगारदिवे हा माझा सख्खा धाकटा भाऊ. मी आठवी शिकून पिंपरीच्या कारखान्यात लागलो, तो बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात. एक्क्याण्णव साली बँकेचं नेमणूकपत्र आलं, तर म्हणाला, "मला पाळक व्हायचंय." आई रडली. मी मात्र मित्रांना पेढे वाटले.

पुण्यात असा पाळक दुसरा दाखवा! कोणी दवाखान्यात आहे कळलं की लुना घेऊन हा डॉक्टरच्या आधी हजर. पोरं हिंजवडीच्या कंपन्यांत लागली, रात्रपाळी करून रविवारी सकाळी झोपायला लागली, म्हणून याने संध्याकाळची उपासना काढली. पहिल्या दिवशी माणसं सात, माझी बायको आणि मी धरून. आता खुर्च्या कमी पडतात.

दोन हजार चारला माझ्या कल्याणीचं राकेशशी ठरलं. मुलगा सॉफ्टवेअरवाला. शुक्रवारी साखरपुडा, आणि शनिवारी कंपनीने सांगितलं, दहा दिवसांनी अमेरिका. कल्याणीच्या व्हिसाला लग्नाचा दाखला हवा. मी व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं, "त्याच्या आत लग्न लावू. पाळक घरचा आहे."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, कोणाची हरकत आहे का विचारतात. दहा दिवसांत रविवार येत होते दोनच.

"दोनदा वाच आणि सोड," मी म्हणालो.

"नाही जमणार, दादा. आपल्या चर्चमधल्या दुर्गाबाईंचा जावई दुबईला निघाला होता, त्यांनाही थांबवलं होतं. त्या धुणीभांडी करतात म्हणून त्यांना तीन आणि तुझ्या पोरीला दोन?"

"बिशपसाहेबांकडून सवलत आण!"

"ती मरणाच्या दारातल्या माणसाला असते. व्हिसाला नाही."

"तुला कॉलेजात घातलं कोणी?"

"तूच. म्हणून तर तोंडावर सांगतोय."

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. लग्न मोडतंय या भीतीने घरात कोणी नीट जेवेना. शेवटी कल्याणीनेच राकेशला फोन केला. "काका ऐकणार नाहीत, आणि बरोबर तेच आहेत. तू तुझ्या साहेबाला विचार." साहेबाने खरं कारण ऐकलं आणि आठवडा वाढवून दिला!

तिसऱ्या रविवारी अनंतने नावं वाचली. "कोणाची हरकत?" म्हणून सरळ माझ्याकडेच बघितलं.

मी उभा राहिलो. "होती. मागे घेतली."

सगळं चर्च हसलं.

"बसा, भिंगारदिवे," पाळकसाहेब म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी माझ्या पोरीचं लग्न लावलं.