सुमनच्या जागेवर बसून इंग्रजी

नामदेवा, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी तू आमची वळकटी एसटीच्या टपावर चढवत होतास. आई तुझ्या वहिनीला, सुमनला, बजावत होती, "तिथं तोंड बांधून बसू नको गं, माणसं जोड." मला काहीच बोलली नाही. माझ्याकडून तिला आशा नसावी.

लातूरकडून इकडं निघोज्याला आलो, कंपनीत हेल्पर लागलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, रिजेक्ट एवढ्या इंग्रजीवर मी रिटायर झालो. सुमनला तेवढं पुरलं नाही. खालच्या मजल्यावरच्या शबानाबाई, त्यांचा नवरा गाड्यांचा मेकॅनिक, दुपारी बायकांना इंग्रजी शिकवतात. आपापलं बसकर न्यायचं आणि शिकलेलं घरी वापरून बघायचं, एवढाच नियम. ते वापरणं सगळं माझ्यावर. "गेट अप! स्विच ऑफ फॅन! पुट बॅक कप!"

"म्हातारपणी कलेक्टर व्हायचंय का?" मी म्हणायचो.

"आधी कप उचला," ती म्हणायची.

एकदा चिडून तिची वही मी माळ्यावर फेकली. गुडघे दुखत असताना स्टुलावर चढून तिनंच ती काढली.

उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याला तू म्हणालास, "दादा, आता इथं तुझं कोण हाय? दिवाळी झाली की तुझं सामान गावी न्यायला टेंपो घेऊन येतो." मी व्हय म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

तू गेलास आणि शबानाबाई वर आल्या. "काका, सुमनताईंचं बसकर घेऊन या. जागा रिकामी ठेवलीय." सुमन गेल्यापासून रोज डबा देणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? गेलो. बारा बायकांत मी एकटा मिशीवाला. 'टेक'ला 'ऑफ' लावलं की विमान उडतं आणि पायातली चप्पलही निघते. मी विचारलं, एवढं राज्य केलं साहेबानं, शब्दांची एवढी टंचाई का? शबानाबाई म्हणाल्या, "काका, आधी वही काढा. टेक आउट!" वही सुमनचीच. तिचं लिहिणं थांबलं त्याच्या पुढच्या कोऱ्या पानावर मी लिहितो.

काल प्रत्येकानं 'माझं घर' यावर पाच वाक्यं बोलायची होती. टेंपो पुढच्या आठवड्यात येणार, म्हणून मी गावच्या घरावर बोलायचं ठरवलं. उभा राहिलो. ओसरी, धान्याचं बळद, कडब्याची गंजी, एकाचंही इंग्रजी मला येईना. जे येत होतं ते सगळं सुमननं या दोन खोल्यांत माझ्यावर ओरडून शिकवलेलं. मग तेच बोललो. माय वाइफ वेक अप मी. माय वाइफ स्विच ऑन लाइट. माय वाइफ टर्न ऑफ गॅस. पाचाची अकरा झाली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. शेवटी कोपऱ्यातली मंदा म्हणाली, "काका, आमचा नंबर कधी यायचा? सिट डाऊन!" सगळ्या हसल्या. मीही हसलो, सुमन गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा टेंपो आणू नको. राग धरू नको. गाव माझंच हाय, तूही माझाच. पण सुमन जिथं मला ओरडत होती ते माझं घर. या बायकांनी मला तिथं धरून ठेवलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

तू नुसता ये, चार दिवस राहायला ये. फक्त दुपारी येऊ नको, घराला कुलूप असतं. मी क्लासला असतो.