शंभर लिटरचा बोर्ड

मागच्या वर्षी माझ्या डोक्यात लहान बोर्डाचं खूळ शिरलं. तोवर दोन वर्षं दर रविवारी कोलशेतच्या खाडीत मी एका लांबरुंद बोर्डावर उभा राहून वल्हं मारत होतो. त्यावर चहा घेऊन उभा राहिलो असतो तरी सांडला नसता. पण पालघरच्या समुद्रात लाटेवर स्वार व्हायचं तर तो कामाचा नव्हता, वळायचाच नाही. लाटेला आखूड, अरुंद बोर्ड लागतो.

बोर्डाचं माप लिटरमध्ये असतं. माणूस जितक्या किलोचा, त्याहून बरेच जास्त लिटर घ्यावेत, इतकं सोपं. माझं वजन ब्याण्णव. शिकवणारा कोलशेतचाच कोळी. तो म्हणाला, "दादा, एकशेतीसचा घ्या." मी शंभरचा घेतला. पन्नाशीतल्या माणसाला सल्ला सोसत नाही.

उभा राहिलो की बोर्ड खाली जायचा. पाणी घोट्याच्या वर यायचं आणि पाठोपाठ मी पाण्यात. मी भरतीला दोष दिला, वाऱ्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं! कोपरच्या घरी येऊन चिखलाचे कपडे टाकले की बायको म्हणायची, "अहो, या वयात माणसं बागेत फिरतात."

पावसाळा सरता सरता बोर्ड तरला. नुसते तळवे भिजले. पुढच्याच रविवारी पालघरला कंबरेएवढी लाट पकडून थेट वाळूपर्यंत आलो. इतका खूश मी क्वचितच झालो असेन. भेटेल त्याला सांगितलं, सराव फळाला आला. गालफडं बसलीत, असं बायको म्हणत होती. मी ते व्यायामाच्या खात्यावर टाकलं.

कोळी मात्र माझ्याकडे बघत राहिला. "दादा, बोर्ड तोच हाय. तुमीच कमी झालाव."

घरी काट्यावर चढलो. एकोणऐंशी. पट्ट्याला नवं भोक मीच पाडलं होतं, तेही कौतुकानं. सारखी लागणारी तहान उन्हावर ढकलली होती. रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. गेलेलं वजन परत यायला हवं, म्हणाले. आलं नाही तर आणखी काही आहे का, ते शोधावं लागेल. काट्यावर रोज चढू नका, महिन्यानं बघू.

तेव्हापासून बायकोनं लिटर-किलोचा हिशेब माझ्याकडून नीट समजावून घेतलाय. रविवारी दार उघडता उघडताच विचारते, "पाणी कुठवर आलं?"

काल चौथा रविवार होता.

"घोट्याच्या वर," मी म्हणालो.

ती देवापुढे साखर ठेवायला आत गेली. मी दारातच चपला काढत राहिलो. तळवेच भिजले होते, आणि मला फार भीती वाटत होती.