न वाढणारी पिल्लं

जन्मभर बस हाकलेल्या ड्रायव्हरकाकांना निवृत्तीनंतर घरात बसणं जमेना. जेवताना पाटावर बसूनही पाय ब्रेक शोधायचा. मग त्यांनी घरामागच्या तळ्याचा कोपरा जाळी ठोकून अडवला आणि मोठे मासे वाढवायचं ठरवलं. पिल्लं विकत आणा, काकू सांगत होत्या. पण काठाशी घोळक्याने फुकट हिंडत असताना विकत कोण आणतो? काकांनी ती बोटभर पिल्लं चाळणीने उपसली आणि जाळीत सोडली.

रोज कोंडा, रोज पेंड. काका काठावर दिसले की अख्खा घोळका एकदम वळायचा, पाटी वाचून बसकडे धावणाऱ्या उतारूंसारखा. पिल्लं अंगाने भरली, लखलखू लागली, पण लांबी तेवढीच. लहान आहेत अजून, काका म्हणायचे. वर्ष उलटलं तरी लहानच.

या लहानपणापायी अडली होती त्यांची लेक. परगावच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. पिल्लं वीतभर होऊ देत, मग खुशाल जा, एकट्याला मला हे झेपायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. खरं तर पोर नजरेआड व्हायला नको होती. पण तसं कबूल करतील तर ते काका कसले! दवाखान्याने मुदत वाढवून दिली होती. आता मात्र दवाखाना थांबणार नव्हता.

त्या सकाळी एक पिल्लू जाळीपाशी मेलेलं सापडलं. कशाने मेलं बघावं म्हणून लेकीने तळ्याच्या पायरीवर बसून त्याचं पोट चिरलं. खसखशीसारखी अंडी भळकन बाहेर आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या पिल्लाला पिल्लं होणार होती."

काकांनी घाईघाईने चाळणी बुडवली. हाती आलेल्या मासळीचं पोट हलकेच दाबलं. अंडी. दुसरीचं दाबलं. तिथेही अंडी. वर्षभर 'बाळांनो' म्हणत ज्यांना चारलं, त्या चांगल्या लेकुरवाळ्या निघाल्या. जातच बोटभर. वाढायची तेवढी केव्हाच वाढून बसलेली.

आता काय, काकूंनी दारातून विचारलं. घोळका कोंड्याच्या आशेने काकांकडे तोंड करून थांबला होता, आणि त्यांना त्याच्याकडे बघवेना.

लेकीने हात धुतले. "मी दुपारच्या गाडीने निघते."

'एवढीशी पोर' काकांच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच अडकलं. ओली चाळणी छातीशी धरून ते पायरीच्या कडेला सरकले. तिला वर जायला वाट हवी होती.