उष्टी कांडी

मेल्यावर माणसाबरोबर सोनं जात नाही, जमीन जात नाही, जातं ते फक्त गोंदण. असं आमच्याकडच्या बायका फार गंभीरपणे सांगतात. ते कुठवर जातं याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. स्मशानात मी जे पाहिलंय त्यावरून ते बाकीच्या कातडीबरोबर जळतं आणि त्याची वेगळी दखल कोणी घेत नाही.

माझ्या बायकोने नवस बोलताना मात्र माझं हे मत विचारलं नव्हतं. नवी चप्पल लागून माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. मला जुनी शुगर. अख्खा पावसाळा गेला तरी जखम भरेना. डॉक्टर अंगठ्याकडे बघायचे आणि मग माझ्याशी न बोलता बायकोशी बोलायचे, त्यावरून मला काय ते कळत होतं. अंगठा काढायचं जवळजवळ ठरलं, तेव्हा ती एका रविवारी ज्योतिबाला जाऊन आली. अंगठा राहिला तर यांच्या हातावर तुझं नाव गोंदवीन, असं तिने देवाला कबूल केलं. अंगठा राहिला. त्यात औषधाचा वाटा किती आणि देवाचा किती, हा वाद मी घरात काढला नाही. अंगठा शाबूत असलेल्या माणसाला तो शोभलाही नसता.

पण मी घाबरलो होतो. ज्या माणसाला एका चपलेने महिनोन्महिने आडवं पाडलं, त्याने आपण होऊन कातडीला शेकडो भोकं पाडून घ्यायची आणि ती भरतील अशी आशा धरायची, हे मला झेपत नव्हतं. एखादा जंतू आत गेला तर या खेपेला अंगठ्यावर भागणार नव्हतं, हात जाणार होता. रात्री झोपेत मी डावा हात चाचपून बघायचो.

डॉक्टर साफ नाही म्हणतील, अशी माझी भिस्त होती. ते स्वतःच दर पौर्णिमेला ज्योतिबाच्या डोंगरावर जाणारे निघाले. शुगरचे ताजे आकडे पाहून म्हणाले, बारीक अक्षरात करून घ्या, जागा स्वच्छ बघा. मी सुईचं विचारलं, तर म्हणाले, "सुई पाकिटातून नवी निघते, तिच्याकडे सगळेच बघतात. सुईच्या आधी कातडीला काय काय लागतं, ते बघा."

हे वाक्य घेऊन आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत एका मोबाईलच्या दुकानावर असलेल्या टॅटू स्टुडिओत गेलो. दारावर दोन सिंहांची तोंडं होती. आत लाल मखमलीची, सिंहासनासारखी खुर्ची होती. रक्तातून कला वाहते, असं भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. घाबरलेल्या माणसाने वाचावं असं ते वाक्य नव्हतं.

स्टुडिओचा मालक तिशीतला, कोरीव दाढीचा होता. तो स्वतःला कलाकार म्हणवायचा. गिऱ्हाईक मी निवडत नाही, डिझाइन माणसाला निवडतं, असं त्याने आम्हाला बसवून सांगितलं. आमच्या बाबतीत डिझाइन बायकोने निवडलं होतं. त्याने देवाचं नाव छोट्या यंत्रातून काढलं. जांभळ्या कार्बनसारख्या कागदावर ते उमटून आलं. हा कागद ओलसर कातडीवर दाबायचा, की अक्षरं कातडीवर उतरतात. मग त्या रेघांवरून सुई चालवायची. त्याला स्टेन्सिल म्हणतात.

सुरुवात बरी झाली. हात धुतले, हातमोजे घातले, नवा वस्तरा काढून माझ्या दंडावरचे केस काढले, स्पिरिटने पुसलं. मग त्याने खणातून डिओडरंटची कांडी काढली. कातडी ओलसर व्हायला ती चोळतात. टोपण निघालं आणि मला कांडीच्या टोकावर एक केस चिकटलेला दिसला. काळा, कुरळा. माझ्या अंगावर काळा केस उरला नाही त्याला बरीच वर्षं झाली.

मी हात मागे घेतला. ही कांडी किती जणांना लावलीत, असं विचारलं.

"सगळ्यांना हीच लावतो, सर," तो म्हणाला.

मला नेमकी त्याचीच भीती होती. परवा एकाच्या वस्तऱ्याने सोललेल्या कातडीवरून ती कांडी फिरली, काल दुसऱ्याच्या, आज माझ्या. प्रत्येकाचं काही ना काही तिच्यावर राहणार आणि ते माझ्यात उतरणार. जंतू, कावीळ, रक्तातून पसरणारे रोग असं मी जे वाचलं होतं ते सगळं सांगून टाकलं. तो शांतपणे म्हणाला की तिच्यात स्पिरिट असतं, जंतू मरतात, आणि तुम्ही निगेटिव्ह ऊर्जा घेऊन बसलाय. ती कांडी माझ्या दंडापासून वीतभर अंतरावर होती. बायको पर्स मांडीवर घेऊन बघत होती.

"पावणं," ती म्हणाली, "कांडी उष्टी हाय की."

तो थांबला. रोगांची माझी यादी त्याच्या एका कानातून दुसऱ्या कानात गेली होती, पण हा शब्द त्याला घरचा होता. तोंड लावलेली पळी पातेल्यात घालू नये, हे त्यालाही आईने शिकवलंच असणार. त्याने कांडीकडे पाहिलं, केस पाहिला आणि मुकाट्याने टोपण लावलं. मग वरच्या फळीवरून स्टेन्सिलच्या जेलची बाटली उतरवली. ती होती तर आधी का नाही काढली, असं मी विचारलं नाही. घाबरलेली माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

आता सगळं रीतसर चाललं. बाटलीचं तोंड कुठे न टेकवता एका इवल्याशा कागदी कपात थेंबभर जेल काढलं, नवे हातमोजे घालून ते पातळ पसरलं, चिकटसर होईपर्यंत थांबला. कागद टेकवला, न सरकवता दाबून धरला, हळूच सोलून काढला. देवाचं नाव दंडावर जांभळं उमटलं होतं. पूर्ण वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं त्याने सांगितलं आणि सुई लावायला वळला.

मी डोळे मिटले. दंडाला काहीतरी कोरडं लागलं. डोळे उघडले तर बायकोने पर्समधली पुडी सोडून चिमूटभर गुलाल नावावर वाहिला होता आणि वाकून दंडाला कपाळ लावलं होतं. पुडी चैत्रातल्या यात्रेची होती. तेव्हापासून ती पर्समध्ये बसच्या तिकिटांबरोबर आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर राहत होती.

"अगं, हात लावायचा नव्हता," मी म्हणालो.

"देवाचा गुलाल उष्टा कसा असंल?" ती म्हणाली.

मी मदतीसाठी कलाकाराकडे पाहिलं. त्याने मोजा घातलेल्या बोटाने माझ्या दंडावरचा गुलाल टिपला, स्वतःच्या कपाळाला लावला, चांगभलं म्हणाला आणि त्याच बोटांनी मशीन उचललं.

तेव्हा मी मोठ्याने नको म्हणालो. बहुधा ओरडलो असेन, कारण खालून मोबाईलवाला वर डोकावून गेला. सगळं पुसा, म्हणालो. मोजे काढा, सुई टाका, कागद नवा काढा. त्याने जेल, गुलाल आणि देवाचं नाव साबणाने धुऊन काढलं, वर स्पिरिट लावलं. अजून एकदा लावा, म्हणालो. लावलं. गुलाबी छटा दिसत होती, म्हणून अजून एकदा चोळायला लावलं. त्याने दुसरा कागद काढला, पुन्हा सगळी रीत पार पाडली आणि या वेळी बायकोला दोन्ही हात पर्सवर ठेवून समोर बसवलं.

नाव वाळलं. मशीन सुरू झालं तसा माझा हात थरथरायला लागला. मी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. कलाकार म्हणाला, रेघ हलेल, सर. मी म्हणालो, मला माहीत आहे. बायको माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अंगठ्याच्या दिवसांत ती अशी बघायची.

"बंद करा ते," ती त्याला म्हणाली. "उठा हो तुम्ही. माझ्या हातावर काढू दे."

मी म्हणालो, नवसात माझा हात होता.

"नवस मी बोललोय. देवाला काय सांगायचं ते मी सांगतो. उठा."

कोल्हापूरच्या बायका पुरुषासारखं 'मी सांगतो' असं म्हणाल्या की पुढे बोलायचं नसतं. मी उठलो. ती त्या मखमली सिंहासनावर बसली आणि पदर सावरून हात पुढे केला. त्या हातावर लहानपणीचं हिरवं गोंदण होतं. गावच्या जत्रेत एकाच सुईने ओळीने बसलेल्या सगळ्या पोरींना काढलेलं.

सुटका झाल्यासारखं मला घटकाभरसुद्धा वाटलं नाही. तिला शुगर नव्हती, जखमा तिच्या चटकन भरायच्या, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या दंडावरची भीती उठून तिच्या हातावर जाऊन बसली आणि तिथे ती जास्त जड झाली. मी खुर्चीजवळ उभा राहिलो. नवा वस्तरा पाकिटातून माझ्यासमोर काढायला लावला. जेल नव्या कपात. मोजे नवे. त्याच्या खिशातला फोन वाजला आणि त्याने मोज्यानेच तो बंद केला, तर मोजे परत बदलायला लावले. कागद जरा तिरका टेकला. त्याने तोच उचलून सरळ टेकवायला घेतला, तर मी तो फेकायला लावून, कातडी पुसवून, नवा काढायला लावला. तो वैतागून म्हणाला, काकू, सर नेहमी असेच का? ती म्हणाली, न्हाय, आज जरा बरे हायत.

सुई चालू असताना ती समोरच्या सोनेरी वाक्याकडे बघत होती. तिने माझा हात धरला नाही. मीच तिच्या पदराचं टोक धरून उभा होतो.

पुढचे काही दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिचा हात उजेडात नेऊन बघायचो. लाली, सूज, पू. काही झालं नाही. खपली धरली, पडली आणि नाव स्वच्छ दिसायला लागलं.

डॉक्टरांकडे मात्र मलाच जावं लागलं. सुई न लागलेल्या माझ्या दंडावर बारीक पुरळ उठलं होतं. स्पिरिट फार चोळल्यामुळे, असं ते म्हणाले.