महादेवाचा डोळा आणि सरकारी तालीम

मंडळी, आज दुपारी मी आणि महादेव सांगलीच्या कचेरीत गेलो होतो. आमच्या जतकडच्या गावात मारामारीत सापडलेल्या पोरांसाठी तालीम आहे. तिची सरकारी मदत चालू राहावी, असा अर्ज होता.

तिथल्या तरुण साहेबांनी विचारलं, "कुस्तीनं गुन्हे थांबतात?"

महादेवानं काळा चष्मा काढला आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यो डोळा ह्यानं फोडलाय."

खरं आहे. बहात्तरच्या दुष्काळात टँकरवर भांडण झालं आणि मी त्याच्या तोंडावर घागर घातली. मी अठरा वर्षांचा होतो. कोर्टानं तुरुंगात न घालता प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली सोडलं. प्रोबेशनच्या साहेबांनी सरकारची मंजुरी आणून हीच तालीम काढली आणि आम्हा दोघांना एकाच मातीत उतरवलं. पहिल्याच दिवशी महादेवानं माझा गळा इतका दाबला, की नाकातून रक्त आलं. वस्तादांनी त्याला ओढून काढलं.

"मग राग कधी गेला?" कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

"गेला न्हाई. पर रोज सांच्याला ह्याला आपटायला मिळायचं, म्हणून ह्यो आज जित्ता हाय."

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. परतताना एसटीत मला महादेवाकडं बघवेना.

तुमच्या गावातल्या अशा पोरांना संध्याकाळी जायला कुठं जागा आहे?